नीट ठेवलेलं इंजिन

रमजानभाई भंगारवाल्याशी त्या दिवशी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीसुद्धा भांडले नव्हते. आणि नवऱ्याशी मी इतकी भांडले होते की तो मला साजगावला बापाकडे टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. बरं झालं ते वेगळं.

कारखाना बंद पडून वर्ष उलटलं होतं. यंत्रं विकली, पत्रे विकले, कॅन्टीनची पातेली विकली, आणि आता बॉयलरच्या मागे गवतात पडलेलं डिझेल इंजिन रमजानभाईनं लोखंडाच्या भावानं उचललं होतं. गॅसकटरवाले दोघं येऊन बसले होते. मी इंजिनाला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, आधी मला कापा, मग ह्याला.

"चिमे, डोकं फिरलंय का तुजं?" रमजानभाई म्हणाला. खालापूरचा माणूस, आमच्या वाड्यात लहानपणापासून येणारा, त्यामुळे शिव्या देताना आधी इकडेतिकडे बघायचा. "मानसं बसवून ठेवलीत मी. उभं र्‍हायचं त्यांचंबी भाडं लागतं."

"पंधरा दिवस थांबा. आनंदीकाकी लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला गेलीय. ती आली की तिला एकदा दाखवते, मग कापा नाहीतर चुलीत घाला."

"तुला तो मोडका गजच हवाय ना? कापून देतो. घरी घेऊन जा."

"सुटा गज नेऊन काय करू? भंगारातला कुठलाबी तुकडा आणून दाखवतेस म्हणंल ती. जागच्या जागी बघितला पायजे तिनं."

त्यानं कपाळाला हात लावला. त्याला सगळं माहीत होतं. साजगावात कुणाला माहीत नव्हतं?

ते इंजिन लहानच होतं. चार चाकांचं, बाहेरच्या देशातून बोटीनं आलेलं, पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराचं. स्टेशनात आलेल्या कोळशाच्या वाघिणी ओढत कारखान्याच्या बॉयलरपर्यंत आणायच्या, एवढंच त्याचं काम. सुरू होताना असं फुरफुरायचं की कामगारांनी त्याचं नाव रेडा ठेवलं होतं. रेडा चालवायचा माझा बाप, धर्माजी. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसानं कोळसा उचलायचा, राख काढायची, हे ठरलेलं. इंजिनात बसून हुकूम करणारा आबा पहिला. त्याची खाकी टोपी मी डोक्यावर घालून वाड्यात मिरवायचे आणि पोरं मला सलाम ठोकायची.

आबा छप्पन्न साली दीक्षा घेऊन आला तो दारू सोडूनच आला. आधी चांगला प्यायचा, हे आईच सांगायची. पण दीक्षेनंतर थेंब नाही. लग्नात नाही, मयतीत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं त्याच्या नावावर काय लिहिलं गेलं ते ऐकल्यावर तुमचंही डोकं माझ्यासारखंच फिरेल.

एकाहत्तर सालचा उन्हाळा. दुपारी आबानं रेडा कोळशाच्या यार्डाच्या वर, उतारावर उभा केला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक बांधला आणि पाणी प्यायला माठाकडे गेला. हँडब्रेक म्हणजे केबिनमधलं एक लोखंडी चाक. ते फिरवत गेलं की इंजिनाच्या पोटाखालचा गज ओढला जातो आणि ठोकळे चाकांवर घट्ट बसतात. तेवढं केलं की इंजिन जागचं हलत नाही. पण आबाच्या हातात पाण्याचा गडू असतानाच रेडा आपला आपण खाली निघाला. इंजिन बंद, त्यामुळे फुरफुर नाही, काही नाही. खाली एक रिकामी वाघीण उभी होती आणि तिच्या तोंडाशी रुळात सांडलेला कोळसा गोळा करत सदूकाका बसला होता. रुळाकडे त्याची पाठ होती. जो आवाज झाला तो त्याचा नव्हता, एकमेकांवर आदळलेल्या बफरचा होता.

सदूकाका आमच्याच वाड्यातला. आबा आणि तो एका पाटीवर शिकलेले, एका नदीत पोहलेले.

चौकशीला साहेब आला. केबिनमध्ये चढला, हँडब्रेकचं चाक एका बोटानं फिरवून बघितलं. चाक गरगर फिरलं. म्हणजे ब्रेक बांधलाच नव्हता, झाली चौकशी. आबा सांगत होता, साहेब, खाली वाकून बघा, गज वेल्डिंगमध्ये तुटलाय, म्हणून चाक मोकळं फिरतंय. मागच्याच महिन्यात तो मोडला होता आणि नवा मागवायच्या ऐवजी जोडून दिला होता. साहेबाची पँट पांढरी होती. तो वाकला नाही. गज तुटला असेल तर धडकेनं तुटला असेल, म्हणाला. अहो, धडक बसली नाकावर. नाकावर मार बसला तर पोटातलं हाड मोडतं का? पण हे विचारणार कोण आणि कुणाला? वर आणखी कुणीतरी लिहून दिलं की ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

नोकरी गेली. तिचं मला काही वाटत नाही, नोकऱ्या जातात. कारखान्यानं त्यानंतर कोळसा ट्रकनं आणायला सुरुवात केली आणि रेडा ढकलून बॉयलरच्या मागे नेऊन टाकला, तो तसाच, पोटात मोडका गज घेऊन.

पण आनंदीकाकीचं काय करायचं? सदूकाकाची बायको. तिच्या तोंडून आबाला एक शिवी कधी आली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वैशाखी पौर्णिमेला विहारात खीर असते आणि ती खीर वाड्यात कायम तीच वाढते, कारण तिचा हात मोजका आहे. सगळे ओळीनं बसतात. ती वाढत वाढत येते, आबापाशी येते, पळी पातेल्यात ठेवते, एक पाऊल पुढं जाते आणि पुढच्याच्या वाटीत वाढते. दरवर्षी. आणि आमचा बाप दरवर्षी वाटी घेऊन ओळीत बसतो. मी किती वेळा सांगितलं, आबा, नको जाऊस, मी घरी खीर करते, हवी तेवढी खा. तो म्हणायचा, "खिरीसाठी कुठं जातो गं मी."

पुढं मी त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे गवत कापायला लागले. एक दिवस विळा घेऊन सरळ रेड्याच्या पोटाखाली शिरले. साप असेल, विंचू असेल, काही बघितलं नाही. उताणी पडून वर बघितलं तर गज लोंबत होता. वेल्डिंगचा ओबडधोबड गोळा आणि बरोबर त्या गोळ्यात तुटलेला. दोन्ही टोकं मी हातानं चाचपली. बाकीच्या पोटाला एक ओरखडा नव्हता. तशीच काळ्या हातांनी आनंदीकाकीच्या दारात गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सायबानं सांगितलं ते मी ऐकलं. तुज्या बानं सांगितलं ते ऐकलं. आता तू सांगतीस. सांगनारे लय हायत, चिमे. माज्या डोळ्यांनी बघीन तवाच मानीन."

"मग चल बघायला."

"त्याचं तोंड नाय बघायचं मला," ती म्हणाली. त्याचं म्हणजे रेड्याचं.

ते 'चल' मी पुढची कैक वर्षं म्हणत राहिले. दळणाला भेटली की म्हणायचे, पाण्याला भेटली की म्हणायचे. वाड्यातले लोक मला बघून हसायचे. आबाला दम्यानं धरलं, बसल्या जागी छाती भात्यासारखी व्हायला लागली, तेव्हा मी तिच्या पायरीवर बसून रडले. रडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून तिला धक्का बसला असेल. म्हणाली, बरं, येते एकदा. मी दाखवते त्या जागी गज असला तर ती आमच्या घरी येऊन आबाच्या हातचं पाणी पिणार होती. आणि नेमकं तेव्हा कारखान्याला सील लागलं, मग ती कल्याणला गेली, आणि हा रमजानभाई कटर घेऊन आला.

तर त्या दिवशी आमची ही अशी जुंपलेली असताना फाटकातून एक जीप आत आली. कर्जतच्या दहिवलीत राहणारे प्रधान म्हणून साहेब होते, कमळाकर प्रधान, रेल्वेतून रिटायर झालेले, जुन्या इंजिनांच्या शोधात फिरणारे. उंच, वाकलेले, गळ्यात कॅमेरा. ते इंजिनाभोवती फिरले आणि त्यांनी रेड्याच्या नाकावर असा हात ठेवला, जसा गोठ्यातल्या जनावराच्या ठेवतात.

"कापणार आहात?" त्यांनी विचारलं. "अहो, अशी इंजिनं आपल्या देशात मोजकीच आली. बहुतेकांचे वितळून खिळे झाले. मला द्या. भंगारापेक्षा वर देतो. घराशेजारी रूळ टाकलेत मी, तिथं जपून ठेवीन."

रमजानभाईचा चेहरा एकदम उजळला. पण धंद्यातला माणूस, आधी मला बाजूला ओढलं. "चिमे, तुजं काम झालं. इंजिन वाचतंय, आनंदीबाईला हवं तवा दहिवलीला नेऊन दाखव. फकस्त ह्यांना सांगू नको ह्यानं मानूस खाल्लंय म्हनून. माजे कटरवाले बघ, अगरबत्ती लावल्याबिगर हात लावत नव्हते. घराशेजारी ठेवायला असलं कोन घेईल?"

मला पटलं. आमच्याकडे ज्या विहिरीत कुणी जीव दिला तिचं पाणी वर्षभर कोणी भरत नाही, तर ज्याच्याखाली माणूस मेला ते इंजिन अंगणात कोण आणून ठेवणार? मी तोंड बंद ठेवलं. सगळ्या जगाशी भांडणारी मी, नेमकी तिथं शहाणी झाले.

"ह्या बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

"ड्रायव्हरची लेक हाय," रमजानभाई म्हणाला. "बापाचं इंजिन म्हनून जीव अडकलाय हिचा. कापू देत नाय."

साहेबांचे डोळे भरून आले, खरंच सांगते. त्यांनी मला हात जोडले. "तुमच्या वडिलांसाठी मी काय करू, सांगा."

"नीट ठेवा त्याला," मी म्हटलं. "एवढंच."

"शब्द देतो," ते म्हणाले.

चार दिवसांनी क्रेन आली, ट्रेलर आला आणि रेडा दहिवलीला गेला. घरी येऊन आबाला सांगितलं तेव्हा तो उठून बसला आणि त्यानं जेवायला मागितलं. सुकटीची चटणी केली, भाकरी केली. दीड भाकरी खाल्ली त्यानं. आता आनंदीकाकी येईल, बघेल, आणि पुढच्या पौर्णिमेला आबाच्या वाटीत खीर पडेल, असं मी धरूनच चालले होते.

आनंदीकाकी आली ती पावसाबरोबर. लेकीचं बाळ अशक्त, त्यात हिचे गुडघे धरलेले, शेतं लावायची, त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत कुठं जाणं झालं नाही. मीही घाई केली नाही. इंजिन सुरक्षित होतं ना. जपून ठेवणाऱ्या माणसाच्या घरी होतं.

दिवाळी झाल्यावर प्रधानसाहेब स्वतः जीप घेऊन साजगावला आले. आबासमोर घोंगडीवर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "धर्माजी, तुमचं इंजिन तयार झालं. उद्या न्यायला गाडी पाठवतो."

तयार झालं म्हणजे काय, हे मी त्यांना तिथंच विचारायला हवं होतं. मला वाटलं रंग दिला असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपमध्ये बसलो. आनंदीकाकी पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि आबा मागं. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं, विहारात जाताना नेसते ते. पळसदरी गेली, कर्जत आलं, तरी तिनं मान वळवली नाही. आबाची छाती वाजत होती.

रेडा बघून मी ओळखलाच नाही. हिरवा रंग, पिवळे पट्टे, काचा लख्ख, नाकावर झेंडूचा हार. साहेबांनी स्वतः आबाला दंडाला धरून केबिनमध्ये चढवलं आणि त्याच्या मागोमाग चढले. आबानं आतल्या एकेका दांड्याला हात लावून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं. हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळचं.

मी आनंदीकाकीला बाजूनं घेऊन गेले. "काकी, वाक जरा. हिकडून आत बघ, मधोमध."

ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकली. मी तिच्या आधी वाकले होते.

गज नवा होता. सरळ, काळा रंग दिलेला, दोन्ही टोकांना ग्रीस. कुठं जोड नाही, कुठं गोळा नाही. मी उगाच पुढं बघितलं, मागं बघितलं. वरून साहेबांचा आवाज आला. आनंदानं बोलत होते बिचारे. "धर्माजी, हँडब्रेक बांधा पाहू. तुमच्या हाताला आठवतंय का?"

"थांबा," मी म्हणाले, पण ते वर पोचलं नाही.

आबाच्या हाताला आठवत होतं. वर चाक फिरल्याचा आवाज आला, गज ताणला गेला आणि आमच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, चारी ठोकळे चाकांवर येऊन घट्ट बसले. साहेब उतरले, त्यांनी आणि त्यांच्या मिस्त्रीनं मिळून इंजिनाला खांदा लावून ढकललं. रेडा तसूभर हलला नाही. "बघा," साहेब म्हणाले, "जागचं हलत नाही."

आनंदीकाकी सरळ उभी राहिली. "लागतो की," ती म्हणाली.

"जुना गज कुठाय?" मी साहेबांच्या अंगावर गेले. "तुटका होता तो, कुठाय?"

"तो होय? तो मोडलेलाच होता, नवा बनवून घेतला. जुनं लोखंड पावसात रमजानशेठचा टेम्पो येऊन घेऊन गेला." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "का हो?"

मी सगळं ओकले. सदूकाका, उतार, चौकशी, दारूचा वास, सगळं. ओरडून ओरडून सांगितलं. साहेब खालच्या पायरीवर बसले. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" एवढंच ते म्हणाले. मग ते उठून आनंदीकाकीपुढं हात जोडून उभे राहिले. "बाई, गज खरंच तुटलेला होता. मी डोळ्यांनी बघितलाय."

"जोड होता का त्याला?" मी विचारलं. "वेल्डिंगचा गोळा होता का?"

ते मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्री म्हणाला, गंजानं सगळं एक झालं होतं, तेवढं कोण बघतं.

"चौदा वर्सं गवतात पडल्यावर काय मोडायचं र्‍हातं, सायेब?" आनंदीकाकी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती केबिनच्या पायरीपाशी गेली आणि तिनं मान वर करून आबाकडे बघितलं. सदूकाका गेल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"असा बांधायला येतो तर त्या दिवशी का नाय बांधलास रं, धर्माजी?"

आबाचा हात अजून चाकावर होता. तो तिच्याकडे बघत राहिला, मग चाकाकडे, मग परत तिच्याकडे. ती थोडा वेळ थांबली. खरंच थांबली, उत्तराची वाट बघत. मग पदर सारखा करून फाटकाबाहेर चालत गेली आणि एसटीसाठी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी मागं गेले तर म्हणाली, "तू बापाला बघ."

येताना जीपमध्ये मी प्रधानांना शिव्या दिल्या, रमजानभाईला दिल्या, त्या पांढऱ्या पँटवाल्याला दिल्या. ड्रायव्हर बिचारा मान खाली घालून गाडी चालवत होता. आबा खिडकीला टेकून बसला होता. पळसदरीच्या पुढं आल्यावर त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला, गप्प बस म्हणून.

"चिमे," तो म्हणाला, "चाक फिरवल्याचं माज्या हाताला याद हाय. पन रोजच फिरवत व्हतो गं मी. ते त्या दिवसाचं हाय का आदल्या दिवसाचं, ते आता कळंना झालंय."

"काय बोलतोस, आबा? बांधला होतास तू."

त्यानं हात काढून घेतला आणि बाहेर बघायला लागला.

"तू कुठं व्हतीस तितं?" तो म्हणाला.